मास्तरीणबाईंचं रक्त

पन्नास सालानंतरची गोष्ट. घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात मी नर्स होते. नियम साधा होता: नाव नोंदवायला आलेल्या प्रत्येक गरोदर बाईचं रक्त घ्यायचं आणि गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, तपासणीला पाठवायचं. मी नियम पाळायचे, पण माझ्या अकलेनं. विक्रोळीच्या कामगारांच्या बायका आल्या की "हात पुढे कर गं" म्हणून सुई टोचायची. नवरा बोटीवर नोकरीला असला तर हमखास. पण चापूनचोपून नेसलेली, सासूबरोबर आलेली बाई दिसली की रक्ताचा रकाना कोरा. तिच्याकडे असलं काही मागायचं म्हणजे तिचा अपमान, असं मला वाटे. फार शहाणी लागून गेले होते ना मी!

मग नव्या डॉक्टरीणबाई आल्या. एका दुपारी त्यांनी मास्तरीणबाईंचा कागद माझ्यापुढे आपटला. मास्तरीणबाई म्हणजे जवळच्या शाळेतल्या मास्तरांची बायको. दोन बाळंतपणं आमच्याकडेच झालेली, दोन्ही मुलं मेलेलीच जन्मली. आता तिसऱ्यांदा सातवा महिना.

"दोन मुलं गेली, आणि रक्त एकदाही नाही?"

"अहो, मास्तरांचं घर आहे ते."

"रोग काय शाळेचा दाखला बघून येतो? आत्ता जा."

शनिवारी मास्तरीणबाई बोटीनं कोकणात माहेरी निघणार होत्या. इथलं पाणी लाभत नाही, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. माहेरच्या गावात ना डॉक्टर, ना पेनिसिलिन. दोष असला तर हेही मूल हातचं जाणार.

मी त्यांच्या घरी गेले तर सासूबाई दारातच. "कसलं गं रक्त? आमच्या घराण्यात असलं काही नसतं."

"काकू, अंगात रक्त कमी आहे का, एवढंच बघायचंय," मी ठोकून दिलं. पहिल्यांदा शीरच सापडली नाही. मास्तरीणबाईंनी पुन्हा हात पुढे केला.

शुक्रवारी रिपोर्ट आला. दोष होता. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना आत बोलावून दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा त्यांची मान वर होईना. बोटीचं तिकीट रद्द झालं. सासूबाईंनी आळीभर आमचा उद्धार केला. पण नवराबायको दोघांनीही रोज येऊन सगळी इंजेक्शनं घेतली.

त्यानंतरचे दोन महिने मी धड जेवले नाही. दर आठवड्याला पोटाला नळी लावायची आणि बाळाचा ठोका ऐकू येईपर्यंत श्वास रोखून धरायचा.

मुलगी झाली. निळसर, गप्प. मी तळपायावर चापट्या मारत सुटले. "रड गं बाई, रड!" आणि रडली एकदाची! मी तिला फडक्यात गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनी विचारलं, "सिस्टर, सुया घेऊन ही वाचली. मग आधीच्या दोन खेपेला माझं रक्त का नाही घेतलंत?"

तेव्हा औषध मिळत नव्हतं, असं खोटं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या एकटक बघत होत्या.

"मागायची लाज वाटली मला."

त्यांनी मुलीच्या अंगावरचं फडकं नीट केलं.

"मागितलं असतंत तर दिलं असतं की हो मी."