ऑफिसात काका म्हणायचं नाही

आमच्या वकीलसाहेबांना ऑफिसात कुणी ‘काका’ म्हटलं, की ते हातातलं पेन खाली ठेवायचे. "घरी या, जेवा, काय हवं ते म्हणा. इथं काका म्हणायचं नाही." ब्रॅम्पटनमधल्या आपल्या लोकांना वाटे, काय हा तोरा! मी तिथं फोन घ्यायला बसायचे, म्हणून सांगते, तो तोरा नव्हता हो. पूर्वी ते सगळ्यांचे काकाच होते.

मालकांसाठी करार लिहिणं हे त्यांचं काम. नोकरी सोडलेल्या माणसानं तोच धंदा शेजारी थाटू नये, असले करार. मालक तावातावानं यायचे. "अख्खा कॅनडा लिहा साहेब, पाच वर्षं लिहा!" हे हसायचे. "लिहितो की. कोर्ट एका फुंकरीत उडवील. अहो, मोठं जाळं फाटतं. गळ लहान असावा." मग खोडत बसायचे. कॅनडा खोडून ऑन्टॅरिओ, ऑन्टॅरिओ खोडून ब्रॅम्पटन, पाच वर्षांचं एक. उरलेलं बघून मालकाचं तोंड पडे. पण टिकायचं ते तेवढंच.

तसाच एक करार त्यांनी एका इन्शुरन्स एजन्सीला लिहून दिला. तिथं आमची उज्ज्वला कामाला. मंडळाच्या गणपतीला मोदकांची उकड तीच काढायची, आणि साहेबांना काका म्हणायची ती अगदी सख्ख्या पुतणीसारखी. कागद घेऊन आली. "काका, सही करू?"

"मी मालकाचा वकील, तुझा नाही. दुसऱ्या वकिलाला दाखव."

"इश्श, तुम्हीच लिहिलंय ना? मग त्यात काय बघायचं!" आणि माझंच पेन घेऊन तिनं सही ठोकली. साहेबांनी ती होऊ दिली. परकी असती तर त्यांनी कागद हिसकावून घेतला असता. पुतणीपुढे माणूस ढिला पडतो.

पुढे तिच्या नवऱ्याच्या किडन्या गेल्या. डायलिसिसला न्या-आणायचं, आणि मालक तासभर सोडीना. तिनं नोकरी सोडली, घरच्या बेसमेंटमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. गिऱ्हाइकं आपसूक मागे आली. मालक कोर्टात गेला, आणि करार टिकला. शब्दन् शब्द टिकला.

ती ऑफिसात येऊन नुसती उभी राहिली. साहेब म्हणाले, "ब्रॅम्पटनपुरतंच आहे गं. तासाभरावरच्या केंब्रिजला कर की, तिथं कुणी अडवणार नाही."

"केंब्रिजला मला ओळखतं कोण? आणि यांना इथं हॉस्पिटलात कोण नेणार?"

धंदा बंद करून ती वेअरहाऊसमध्ये रात्रपाळीला खोकी उचलायला लागली. कराराची मुदत संपायच्या आत नवरा गेला. साहेब भेटायला गेले, तर हात जोडून म्हणाली, "बसा, वकीलसाहेब." त्यानंतर आमच्या ऑफिसात काका बंद झाला.

मग कधीतरी ऑन्टॅरिओत साध्या नोकरदारांवर असले करार लादायला कायद्यानंच बंदी आली. मी हौसेनं सांगायला धावले, "सुटलात की हो!" चष्मा पुसत म्हणाले, "आधी सह्या केलेल्यांना ती लागू नाही, ताई."

त्यांच्या शेवटच्या आजारात उज्ज्वला डब्यात मऊ भात घेऊन हॉस्पिटलात आली. मला वाटलं, मिटलं बाई एकदाचं. तिनं घास भरवले, तोंड पुसलं. त्यांनी तिचा हात धरून ठेवला. "उज्ज्वला, हे काही ऑफिस नाही गं."

"नाही ना," ती म्हणाली. हात हळूच सोडवून घेतला, पांघरूण सारखं केलं. "झोपा आता, वकीलसाहेब."