दहा मिनिटांत निकाल लावणारा माणूस

लातुरात पोराचे मार्क पोराच्या आधी बापाला कळतात. ही सोय मोहियोद्दीनभाईंनी केली आणि पोरांनी त्यांना अजून माफ केलेलं नाही. आमच्या गल्लीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत दर रविवारी क्लासेसच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येत. मशीन काळे केलेले गोळे तपासत जाई, आणि पोरगं क्लासबाहेर सायकलचं कुलूप काढत असतानाच बापाचा मोबाइल वाजे : फिजिक्स, एकशे ऐंशीपैकी एकवीस. भाई म्हणत, "निकाल भज्यासारखा असतो. गार झाला की कुणी हात लावत नाही."

दोन हजार सोळाच्या जानेवारीत नांदेडच्या मास्टर्स अ‍ॅथलेटिक्सवाल्यांनी त्यांना बोलावलं. पस्तिशीपुढच्यांच्या मैदानी स्पर्धा. दर पाच वर्षांचा एक गट, गटातले पहिले तीन राज्य स्पर्धेला नाशिकला. आदल्या वर्षीचा निकाल कागदावर लिहून खांबाला चिकटवला होता आणि तो शेळीनं खाल्ला, असं सचिव आप्पासाहेब गंभीरपणे सांगत. भाईंनी मंडपात टेबल टाकलं, लॅपटॉप उघडला आणि मागं कापडी फलक लावला : 'दहा मिनिटांत निकाल ऑनलाइन'.

निकाल मोबाइलवर दिसत होता, तरी सगळे धावपटू टेबलाभोवतीच. एकाच्या गुडघ्याला पट्टा, दुसऱ्याच्या कमरेला, तिसऱ्याचा श्वास अजून मैदानातच. "भाई, जरा फाँट मोठा करा की," हीच दिवसभराची मुख्य तक्रार.

शनिवारी सकाळी बायकांची पाच किलोमीटर चालण्याची स्पर्धा झाली. साठीच्या आणि पासष्टीच्या गटाला एकत्रच सोडलं होतं, निकाल वेगळे. नवव्या मिनिटाला भाईंनी बटन दाबलं. तेवढ्यात नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली, पायात नातवाचे बूट घातलेली एक बाई गर्दी सारत पुढं आली. औसा तालुक्यातल्या सरजाबाई.

"माझा नंबर कितवा, भाऊ?"

"साठच्या गटात चौथा, मावशी."

"आन ती निळ्या टोपीची? एक आख्खा फेरा माझ्या मागं व्हती ती."

"त्या पासष्टच्या गटात पहिल्या. नाशिकला चालल्या."

"मी अडुसष्टची हाय."

"आधारवर एकसष्ट आहे."

"आधार रेशनकार्डावरनं केलं आन रेशनकार्ड त्या फारमावरनं. भूकंपात घर बसलं, कागदं समदी खाली. मग शेडाच्या वाटंवर एक काडीवानी पोरगं आलं फारम भरायला, ढापण्या लावून. मला म्हणलं, वय? म्या म्हणलं, आत्ता कुठं ध्यानात ऱ्हातंय, लिव तुज्या अंदाजानं. आन मुडद्यानं अडतीस लिवलं!"

भाईंनी चष्मा काढून पुसला.

त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात ते बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजनं पोरांना भूकंपग्रस्तांचे फॉर्म भरायला गावोगाव पाठवलं होतं. सरजाबाई डोक्यावर दोन पत्रे घेऊन शेडकडं निघाल्या होत्या. थांबायला वेळ नव्हता, म्हणून वय विचारणारा पोरगा फॉर्म हातात धरून शेजारून पळत होता. एवढ्या झपाट्यानं चालणारी बाई चाळिशीच्या आतली असणार, असा त्यानं हिशोब केला.

"मावशी," भाई म्हणाले, "ते काडीवानी पोरगं मीच."

सरजाबाईंनी त्यांच्या पोटाकडं पाहिलं. "न्हाई वाटत."

मंडप हसला. त्या हसल्या नाहीत. "सुनेला सांगून आलेय, नाशिक गाठल्याबिगर न्हाई राहायची. तूच घटवलंस, तूच वाढव. दाब ती बटनं."

एकसष्टचं अडुसष्ट करायला खरंच दोन बटनं पुरली असती. भाईंचा हात तिथवर गेलाही. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला. "अंदाजानं एकदा लिहून झालंय, मावशी. आता कागद बघून लिहितो."

"कसला कागद?" आप्पासाहेब मधे पडले. "असं वय बदलायला लागलो तर निम्मं मैदान पंचाहत्तरीत जाईल, मोहियोद्दीनभाई."

"आवो सायेब," सरजाबाई म्हणाल्या, "माझी थोरली लेक सहासष्ट सालची. शाळेत लिवलंय तिचं. तुमच्या कागदानं मी अकराव्या वर्षी बाळंत झाले, व्हय?"

आप्पासाहेबांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं आणि ते खोकले. "लेकीचा शाळेचा दाखला आणा. फॉर्म भरणाऱ्याचं शपथपत्र आणा. मंगळवारी पाचला यादी नाशिकला जाते. तोवर..."

"तोवर निकाल राखून ठेवतो," भाई म्हणाले. बारावी बोर्डाची ही ओळ लातुरात घरादाराचं जेवण बंद करते. त्यांनी ती आयुष्यात पहिल्यांदा स्वतः टाइप केली. मग उठून मागचा फलक सोडला आणि घडी करून पिशवीत घातला.

"राखून मंजी नापास का?" सरजाबाईंनी विचारलं.

"नाही. म्हणजे मी नापास."

सोमवारी त्यांनी तहसीलसमोर बसून शपथपत्र केलं : सरजाबाईंचं वय मी चालीवरून लिहिलं होतं. टंकलेखकानं दोनदा विचारलं, "चालीवरून?" क्लासेसचे फोन येत राहिले, गठ्ठे दारात पडून राहिले. लातुरातल्या पोरांना एक सोमवार सुखाचा गेला. मंगळवारी लेकीच्या शाळेतून दाखला काढून ते दुपारच्या एसटीनं नांदेडला पोचले. आप्पासाहेबांनी कागद उलटून पालटून पाहिले आणि सही केली.

पासष्ट वर्षांवरील गट, पाच किलोमीटर चालणे : प्रथम, सरजाबाई. पानाच्या तळाशी वेळ आपोआप उमटते. स्पर्धा संपली शनिवारी आठ चाळीसला. निकाल मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी. ती वेळ भाईंनी तशीच राहू दिली आणि सरजाबाईंना फोन लावला.

पलीकडं बांगड्या वाजल्या. मग त्या म्हणाल्या, "तीन दिस लावलंस रं पोरा. तेवढ्यात मी नांदेडाहून घरला चालत आले असते."