दोन सेंटिमीटरचा चौकोन

परसराम कापगते माणसांत बसायचाच नाही. भंडाऱ्याबाहेरच्या आमच्या इस्पितळात कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडणारं कोबाल्टचं एकच मशीन होतं आणि त्याचे किरण मोजणारा हा एकटाच. मी तिथली नर्स, विमला. डबासुद्धा तो पाण्याच्या टाकीजवळच खायचा. त्या टाकीतल्या पाण्याला माणसाचं अंग समजून तो मोजणी करायचा: नळीसारखं मापक बुडवायचं, किरण सोडायचे, आकडा वहीत लिहायचा. पाण्याशीच लग्न लावलंय का, म्हणून मी चिडवायचे. तो हसायचा नाही.

१९७९ साली पवनीची कुंताबाई आली. डोळ्यापासून बोटभर अंतरावर गाठ. किरण जेवढ्याच जागेवर पडू द्यायचे, तो चौकोन डॉक्टरांनी दोन सेंटिमीटरचा ठरवला. एवढा लहान आम्ही कधी लावलाच नव्हता. परसरामने नेहमीचंच मापक बुडवलं. आकडा कमी आला. एवढ्याशा चौकोनातून मशीन कमीच देत असेल, असं समजून त्याने किरणांचा वेळ वाढवला. गाठ गेली. वर्षभरात त्या डोळ्याची नजरही गेली.

पुढे त्याने त्याच चौकोनाखाली एक्स-रेची फिल्म ठेवून पाहिली, तेव्हा घोळ कळला. मापकच चौकोनापेक्षा लांब होतं. त्याची टोकं किरणांच्या बाहेर राहिली होती, आणि मधोमधचा खरा जोर त्या सरासरीत दडला होता. डॉक्टर म्हणाले, "गाठ गेली ना? मग गप्प बस."

तो गप्प बसला, पण स्वस्थ नाही. दर रविवारी आलेखाच्या कागदावर एकेक किरण चालवायचा. किरण अंगात कसाही वळतो, म्हणून तो कुठे वळेल, कुठे थांबेल, हे आकड्यांच्या चिठ्ठ्या उचलून ठरवायचा. लोक पत्ते खेळतात, हा एकटा किरण खेळायचा! पाच-सहा वर्षांत हजारो किरण झाले. उत्तर एकच: कुंताबाईला सव्वापट मारा बसला होता.

आणि ती बाई, डोळा गेला तरी जीव राहिला म्हणून, दर पौषात चिन्नोर तांदळाचा डबा घेऊन यायची, त्याच्या पाया पडायची. खरं सांगायचं सोडून हा डबा उचलून खाली मान घालून आत जायचा. मला त्याचा असा संताप यायचा!

१९८६च्या पौषात ती यायच्या आधीच तो म्हणाला, "सिस्टर, पवनीले चलता का? एकट्याले मले नाही जमत."

कुंताबाईच्या अंगणात त्याने वही उघडली, मग मिटली. "बाई, तुमचा डोळा माह्या चुकीनं गेला. मी किरणं जास्त देले."

ती म्हणाली, "म्हणजे आंघोळीनं नाही गेला?"

उपचार चालू असताना त्या जागेला पाणी लावू नका, असं मीच तिला बजावलं होतं. तरी कार्तिक पुनवेला तिने वैनगंगेत डुबकी मारली होती. त्या आंघोळीनेच डोळा गेला म्हणून सगळं घर तिला ऐकवत होतं. तिने नदीवर जाणंच सोडलं होतं.

"सहा वर्स मी सोतालेच शिव्या देऊन राहिली, आन् तुमी माह्या घरचा तांदूळ खाऊन राहिले! काहून नाही सांगितलं?"

परसराम उभ्या उभ्या रडला. मला त्याची कीव आली, तिची जास्त आली. आणि सगळं ठाऊक असून मीही गप्प राहिले होते, याची माझी मलाच लाज वाटली.

कुंताबाईने दांडीवरचं लुगडं ओढलं आणि आमच्याकडे न बघता नदीच्या वाटेने निघून गेली.

त्यानंतर तांदूळ कधी आला नाही. तिचा मागच्या वर्षीचा रिकामा डबा परसरामकडेच राहिला होता. पौष आला की तो घासून दारापाशी ठेवायचा.