चांगदेव भोईर जागा सांगत नाहीत

वळ गावात चांगदेव भोईरांना कुणी पत्ता विचारला, की पत्त्याऐवजी उलटा प्रश्न मिळायचा. "तुला कोनी पाठवला?" रिक्षातून आले तरी ते घराच्या बरेच आधी उतरत आणि उरलेलं अंतर चालत जात, कारण रिक्षावाल्याला घर कळून काय करायचंय? कुरिअरवाल्याला गेटबाहेर उभा करून पार्सल कानाशी हलवून बघत. त्यांच्या बायकोचं, पार्वतीबाईंचं म्हणणं असं, की आमटीत मीठ कमी पडलं तरी यांना वाटतं कुणीतरी काढून नेलं.

हसायला काही जात नाही. पण वळमध्ये गोदामांच्या जागी भातशेती होती तेव्हा दोन माणसं टेप घेऊन त्यांच्या बांधावर आली होती. "सहज बघतोय काका" म्हणाली, अंगणात बसून चहा प्यायली आणि गेली. पुढच्या वर्षी रस्त्याकडेचा पट्टा कुणा तिसऱ्याच्याच नकाशात निघाला. चांगदेवांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, पण पट्टा गेला तो गेलाच. आज तिथे निळ्या पत्र्याची शेड उभी आहे, आणि रोज सकाळी आपल्या गोदामाकडे जाताना ती त्यांना ओलांडावी लागते. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने चोराला चहा पाजलाय, त्याला विश्वास ठेवायला सांगणं सोपं नसतं.

अशा घरात भाविका सून म्हणून आली. माहेर उरणचं, शिक्षण कॉम्प्युटरचं. लग्नाआधीपासूनच ती एक हवामानाचं ॲप बनवत होती, आणि इथे आल्यावर तिला त्याचा खरा उपयोग दिसला. चांगदेवांच्या गोदामात निजामपुऱ्यातल्या यंत्रमागांचं कापड येई. ट्रक उघडे, माल ताडपत्रीखाली, आणि सगळा खेळ ताडपत्री काढायची कधी यावर. पाऊस कधी येईल हे गोदामाच्या अंगणापुरतं सांगणारं ॲप असलं तर वळ-दापोड्यातले सगळे गोदामवाले ते घेतील, असं तिचा नवरा धनेशही म्हणायचा. तिने ते सगळ्यांच्या फोनमध्ये घातलं. वर मोठ्या अक्षरांत 'वळ गोदाम', मागे ढगांचा फोटो, आणि खाली येत्या काही तासांचा पाऊस.

चांगदेवांनी एकटं बसून ते उघडलं. उघडताच त्याने विचारलं, तुमचं लोकेशन वापरू द्यायचं का?

झालं! त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पाऊस आभाळातून पडतो, त्याला माझी जागा कशाला हवी? आणि लगोलग त्यांना भाविकाचा भाऊ हितेश आठवला. हितेश पनवेलला एका जमीन दलालाकडे कामाला. गेल्या भाऊबीजेला आला तेव्हा ताटावरून उठून थेट गच्चीवर गेला होता आणि फोन उंच धरून चारी बाजूंचे फोटो काढत होता. ते चांगदेवांनी अंगणातून बघितलं होतं आणि वर्षभर पोटात ठेवलं होतं. आता दुवा जुळला. भाऊ वरून फोटो काढतो, बहीण खालून जागा विचारते. त्यांनी 'नाही' वर बोट दाबलं, इतकं जोरात की फोन हातातून निसटता निसटता राहिला. आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. आपल्याला कळलंय हे समोरच्याला कळू देणं त्यांच्या लेखी मूर्खपणा होता.

गंमत अशी, की 'नाही' म्हटल्यावरही ॲप बंद पडलं नाही. आकडे आले, ऊन आलं, ढग आले. जागा न सांगताही चालतं, मग विचारलंच का? चांगदेवांचा संशय अजून पक्का झाला.

दिवाळी तोंडावर आली होती. परतीचा पाऊस रेंगाळत होता आणि दुपारनंतर आभाळ केव्हाही फिरत होतं. अशाच एका दुपारी निजामपुऱ्याचे गुलाम हुसेन कापडाचा ट्रक घेऊन स्वतः आले. धनेश फोन बघून म्हणाला, "बाबा, ताडपत्री नका काढू. पाऊस दाखवतोय."

चांगदेवांनी आपला फोन काढला. त्यात ऊन होतं.

"मना तर ऊन दाखवतंय," ते म्हणाले. दोन फोन, एकच अंगण, आणि दोन आभाळं! कुठेतरी पाणी मुरत होतं. नवरा-बायकोने मिळून आपल्याला वेड्यात काढायचं ठरवलंय, उद्या गोदामात आपला शब्द चालू नये म्हणून, असं त्यांना वाटलं. "माजा फोन माजा हाय," ते गरजले. "काढा रे ताडपत्री!"

ताडपत्री निघाली, निम्मा माल खाली आला, आणि खाडीकडून असा पाऊस आला की माणसं माल सोडून छपराखाली पळाली. पांढऱ्या कापडाचे तागे भिजून मातीने बरबटले. गुलाम हुसेन जुने, समजूतदार गृहस्थ. त्यांनी आवाजही चढवला नाही. "चांगदेवशेठ, अगली बार आसमान देखके काढा," एवढंच म्हणाले. ते चांगदेवांना शिवीपेक्षा जास्त लागलं.

घरी येऊन त्यांनी सगळा राग सुनेवर काढला, तोही मजुरी घ्यायला आलेल्या हमालांच्या देखत, ओट्यावर उभं राहून. "तुझ्या त्या ॲपानं मना तोंडघशी पाडला. बंद कर ते. आनि तुझ्या भावाला सांग, यंदा भाऊबीजेला यायची गरज न्हाय."

भाविकाचा चेहरा पडला. भिजलेल्या मालाचं तिला वाईट वाटलंच होतं, पण यात हितेशचा काय संबंध हे तिला कळेना. विचारायची सोय नव्हती. सासूजवळ बसून ती रडली, डोळे पुसले, आणि लॅपटॉप उघडून बसली. ॲप चुकलं होतं हे खरं होतं. चूक सापडल्याशिवाय भाऊ दारात येणार नव्हता.

चुका सापडल्या, त्याही भरपूर. हवामानाची माहिती परदेशी घड्याळाने येत होती आणि ती साडेपाच तास पुढे सरकवायची राहिली होती, त्यामुळे दुपारचा पाऊस सकाळच्या रांगेत बसत होता. ती सुधारली. फोन कालची साठवलेली माहिती आजची म्हणून दाखवत होता, तेही सुधारलं. माहिती येऊन पोचायच्या आधीच पडदा रिकाम्या जागी शून्य पाऊस लिहीत होता, तिथे तिने थांबायला शिकवलं. पार्वतीबाई लसूण सोलता सोलता विचारत, "गावली का गं?" आणि भाविका म्हणे, "एक गावली, आई. पण हवी ती न्हाय." कारण प्रत्येक दुरुस्तीनंतर धनेशचा फोन बरोबर सांगे आणि सासऱ्यांचा चुकीचं.

शेवटी तिने धीर करून विचारलं, "बाबा, पहिल्यांदा उघडलंत तेव्हा जागा विचारली होती, तेव्हा काय दाबलंत?"

"मना काय बी विचारला न्हाय," चांगदेव म्हणाले, आणि नजर चुकवून चपला शोधू लागले. चपला पायातच होत्या.

भाविकाने ते बघितलं. आत जाऊन तिने स्वतःचा फोन घेतला, त्यातलं ॲप काढून पुन्हा घातलं, आणि जागा विचारल्यावर पहिल्यांदाच 'नाही' म्हणून बघितलं. इतक्या दिवसांत हे तिला सुचलंच नव्हतं, कारण कुणी नाही म्हणेल असं तिला वाटलंच नव्हतं. पडद्यावर ऊन आलं. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

तिने कोड चाळलं आणि कपाळावर हात मारला. माहेरी असताना, सुरुवातीला, तपासणीसाठी तिने उरण घालून ठेवलं होतं. जागा मिळाली नाही तर उरण. ते काढायचं राहून गेलं. आणि वरचं 'वळ गोदाम' हे नाव तर तिने हातानेच लिहिलं होतं, ते बदलत नव्हतंच. म्हणजे तिचं ॲप, माहीत नसताना, वळचं नाव लावून उरणचं ऊन सांगत होतं. सासऱ्यांनी 'नाही' म्हटलं ही त्यांची मर्जी. पण नाही म्हटल्यावर खोटं बोललं ते तिचं ॲप. तिला खरोखर लाज वाटली.

तिने उरण पुसलं. संध्याकाळी सासऱ्यांना म्हणाली, "चूक माझी होती, बाबा. ते उरणचं आभाळ दाखवत होतं. आता नीट केलंय, सगळ्यांच्या फोनमध्ये गेलंय."

चांगदेव रात्रभर कुशी बदलत राहिले. "बघितलास?" ते पार्वतीबाईंना म्हणाले, "ऱ्हाते आपल्याकडं आनि लक्ष उरनला!" पार्वतीबाईंनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गुलाम हुसेन पुन्हा माल घेऊन आले. आभाळ भरलं होतं. ट्रकपाशी भाविका, धनेश, हमाल, सगळे उभे होते. "देखो शेठ, क्या बोलता है तुम्हारा फोन?" गुलाम हुसेन म्हणाले. चांगदेवांनी ऐटीत फोन काढला.

आज आकडे नव्हते. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. फक्त दोन ओळी होत्या. 'तुम्ही तुमची जागा सांगितलेली नाही. म्हणून इथलं हवामान मला माहीत नाही.' त्याखाली, हवं तर गावाचं नाव लिहायला एक रिकामी चौकट.

आकडे नसल्यामुळे मागचा फोटो प्रथमच पूर्ण दिसत होता. ढग होते, आणि ढगांखाली कोपऱ्यात एक पाण्याची टाकी. काळी, झाकणाला वीट ठेवलेली. चांगदेवांनी फोन डोळ्यांजवळ नेला. ती वीट त्यांनी स्वतः ठेवली होती. म्हणजे हितेश गच्चीवरून जमीन नव्हे, बहिणीसाठी ढग टिपत होता.

गुलाम हुसेननी खांद्यावरून वाचलं. "नहीं सांगितली? मना किसने किया?"

चांगदेवांनी भाविकाकडे बघितलं. तिला माहीत होतं. कालच माहीत होतं, आणि तरी तिने 'चूक माझी' एवढंच म्हटलं होतं. आत्ताही एक शब्द बोलली असती तर हमालांसमोर हिशेब चुकता झाला असता. ती ताडपत्रीची दोरी बघत उभी होती.

"मीच," ते म्हणाले. "मीच 'न्हाय' दाबला होता. त्या दिवशी पन." मग धनेशकडे वळून म्हणाले, "ताडपत्री राहू दे."

चौकटीत मात्र त्यांनी 'दापोडे' लिहिलं. जवळच आहे, चालेल. वळ कशाला लिहायचं?

भाऊबीजेच्या सकाळी भाविका चकल्या तळत होती. भावाला यायला सांग असं पार्वतीबाईंनी तिला सांगितलं होतं, पण सासरे स्वतः काही बोलले नव्हते, म्हणून तिचं लक्ष सारखं दाराकडे. गावातला जुना रस्ता काँक्रीटसाठी खोदला होता. चांगदेवांचा फोन वाजला.

"काका, हितेश बोलतोय. ताईला फोन लागत नाही. रस्ता बंद आहे, मी गोदामांमधूनच फिरतोय, सगळ्या निळ्या शेड सारख्याच दिसतात. एका टपरीवर तुमचं घर विचारलं तर तो म्हणतो, तुला कोनी पाठवला?" तो हसला, मग जरा चाचरत म्हणाला, "लोकेशन पाठवता का?"

चांगदेव फोन हातात धरून उठले. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"भाविका, पोरी, ती जागा कशी पाठवायची गं?"

तेलाच्या हातांनी तिला फोन धरता येईना. तिने कोपराने दाखवलं, इथे, मग इथे. फोनने विचारलं, लोकेशन वापरू द्यायचं का?

"थांबा बाबा," ती म्हणाली, "नको असेल तर मी धनेशला नाक्यावर पाठवते."

"नको," चांगदेव म्हणाले. "त्याला थेट घरी येऊ दे." आणि त्यांनी 'हो' वर बोट ठेवलं.