अर्धी बीजं, अर्धे गर्भ

छातीतली गाठ मला आंघोळ करताना लागली आणि पहिला विचार आला तो दहावीच्या सराव परीक्षेचा. तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. महाडच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासणीचे निकाल समोर ठेवले तेव्हाही मी विचारलं की उपचार मे महिन्याच्या सुट्टीत घेतले तर चालतील का. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, सुट्टी आत्ताच घ्या."

केमोथेरपी सुरू करायची त्यांना घाई होती, पण त्याआधी त्यांनी मला दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मूल हवं असेल तर आत्ताच काहीतरी राखून ठेवा, औषधांनी बीजकोश कदाचित कायमचे बंद पडतील, असं सांगून. नवरा बरोबर होता. डॉक्टरीणबाई बोलायला चांगल्या होत्या. म्हणाल्या, दोन रस्ते आहेत. इंजेक्शनं देऊन बीजं बाहेर काढायची, ती तशीच गोठवायची, हा एक. किंवा नवऱ्याच्या बीजाशी त्यांचा संयोग करून गर्भ तयार करायचे आणि ते गोठवायचे, हा दुसरा. गर्भ गोठवून परत वापरायचा अनुभव जुना आहे, पण बीजंही हल्ली चांगली टिकतात. मग जरा थांबून म्हणाल्या, "फरक एवढाच, की बीजं तुमची एकटीची. गर्भ दोघांचे. पुढे कधीही वापरायचे झाले तर दोघांची सही लागेल." हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, नवऱ्याकडे बघून नाही.

मी विचारलं, अर्धं अर्धं करता येईल का. त्या म्हणाल्या, येईल की, पुष्कळ जणी करतात.

झालं, मी ठरवून टाकलं. अर्धी बीजं, अर्धे गर्भ. यात मला काही वावगं दिसलं नाही. परीक्षेला जाताना आपण दोन पेनं नेतो, तितकंच. परत येताना एसटी ताम्हिणीत शिरली तरी नवरा बोलला नव्हता. माणगाव आल्यावर म्हणाला, "अर्धी वेगळी ठेवायची म्हणजे तू धरूनच चालली आहेस की मी राहणार नाही." मी म्हटलं, अरे, असं कुठे म्हटलं मी. वाईट माणूस नव्हता तो. महाडच्या एमआयडीसीत नोकरी, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, की कधी आवाज चढवणं नाही. फक्त आईच्या शब्दाबाहेर पाऊल टाकायला तो शिकलाच नव्हता.

घरी त्याने आईला सगळं सांगितलं, आणि सासूबाईंनी त्यातला एकच शब्द उचलला. अर्धं.

ज्यांना आमच्याकडची माहिती नाही त्यांना सांगते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, उमरठच्या बाजूला, माझ्या सासरचं गाव. तिथे भावाभावांत जमिनीची नाहीतर घराची वाटणी निघाली की त्या घरात मयत झाल्यासारखं वातावरण असतं. जो पहिल्यांदा 'अर्धं' म्हणतो, तो घर फोडणारा. सासूबाईंच्या दिरांनी एकदा असं म्हटलं होतं; त्यांच्या घरचं पाणी त्या अजून पीत नव्हत्या. आणि आता सून म्हणत होती.

"लग्नाला दोन वर्सं नाय झाली नि ही वाटणी मागतेय," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मला नाही, भिंतीला. "ते पण पोराबाळांची. अजून जल्मली नायत त्यांची."

मी समजावून सांगितलं. फळ्यावर काढतात तशी आकृती काढून सांगितलं. दहावीला प्रजननाचा धडा मी दरवर्षी शिकवते, वर्ग खाली माना घालून हसत असतो, तरी मी शेवटपर्यंत नेते. सासूबाईंपुढे माझं काही चाललं नाही. त्यांच्या डोक्यात चित्र पक्कं होतं: गर्भ म्हणजे घराण्याचं, आणि नुसती बीजं म्हणजे सुनेने माहेरी नेऊन लपवलेला वाटा. मग त्या म्हणाल्या, आपण भांडायचं नाय, देवीला कौल लावू. देवी सांगेल तसं.

मला कौलावर विश्वास नाही. पण अंगात ताकद नव्हती, केमोची तारीख डोक्यावर होती, आणि दोन आठवड्यांत इंजेक्शनं सुरू झाली नाहीत तर बीजंही गेली असती आणि गर्भही. म्हटलं, चला, भीक नको पण कुत्रा आवर.

गावच्या देवळात गुरवाने आंघोळ करून गाऱ्हाणं घातलं. गर्भच ठेवायचे असतील तर उजवा दे, माय, म्हणाला. देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या आणि आम्ही सगळे बघत बसलो. थोड्या वेळाने डावी कळी पडली.

मला बरं वाटलं. खोटं का बोलू, विश्वास नसूनही बरं वाटलं.

सासूबाई म्हणाल्या, "गाऱ्हाणं नीट नाय घातलंस तू. घराण्याचं नाव नाय घेतलंस. परत घाल." गुरवाने परत घातलं. या खेपेला दोन्ही कळ्या तशाच चिकटून राहिल्या. त्यांनी पुन्हा घालायला लावलं. तिसऱ्यांदा उजवी पडली. सासूबाईंनी हात जोडले, डोळे पुसले आणि नारळ फोडायला सांगितला. देवीची तरी सासूबाईंपुढे काय टाप असणार.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "झालं ना आता?" इतक्या सुटका झाल्यासारख्या आवाजात म्हणाला, की मी हो म्हटलं. मलाही त्याच्याशीच संसार करायचा होता. सगळ्या बीजांचे गर्भ केले. बऱ्यापैकी जमले, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बीज म्हणून एकही ठेवलं नाही.

केमोचे दिवस मी फारसे सांगत नाही. माझी आई माहेरच्या नाते गावाहून येऊन राहिली. केस गेले तेव्हा मी रडले, आणि मग स्वतःलाच म्हटलं, कुणाला कशाचं तर बोडकीला केसांचं. आईला ते आवडलं नाही. "असं अभद्र बोलू नको गो बाय," म्हणाली आणि बाहेर जाऊन रडली. नवऱ्याने मनापासून केलं. वांतीचं भांडं त्याने उचललंय, हे मी कुणापुढेही सांगेन. डाव्या बाजूचा स्तन गेला. केस परत आले. पाळी मात्र परत आली नाही. तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले, बीजकोश थांबले. पण गर्भाशय चांगलं आहे, आणि गर्भ राखलेत ना तुम्ही, मग काळजी कशाला.

डॉक्टरांनी मूल होऊ द्यायला परवानगी दिली त्या दिवशी मी चवदार तळ्याच्या बाजूने चालत घरी आले आणि वाटेत पेढे घेतले. सासूबाईंनी पेढा घेतला, ठेवून दिला. म्हणाल्या, "एवढी औषधं झाली. पोरात रोग उतरला तर?" मी म्हटलं, गर्भ औषधांच्या आधीचे आहेत. देवीने उजवा दिला होता ना. त्या म्हणाल्या, देवीने ठेवायला सांगितलं होतं, घालायला नाय.

नवरा म्हणाला, आई म्हणते तर थोडं थांबू या.

थोडं थांबलो. मग अजून थोडं. तो रात्रपाळ्या मागून घ्यायला लागला. माझ्या अंगाकडे बघायचं टाळायचा, आणि टाळतोय हे मला कळू नये म्हणून फार गोड बोलायचा, ते जास्त झोंबायचं. गावाकडून कुणीकुणी त्याला स्थळं सुचवतंय हे मला शेजारणीकडून कळलं. एक दिवस तोच रडत म्हणाला, मला घुसमटायला होतं, तू चांगली आहेस, माझंच काहीतरी चुकतंय. मी त्याला म्हटलं, जा. पण जाण्याआधी एक कर, माझ्याबरोबर पुण्याला चल आणि सही दे. मूल माझं मी वाढवीन, तुझ्या दारात आणणार नाही. तो म्हणाला, "असं कसं? माझं मूल महाडात फिरणार आणि मी बाजारात त्याला ओळख दाखवायची नाही?" त्याचंही चूक नव्हतं, असं आता कधीकधी वाटतं. बहुतेक वेळा वाटत नाही.

महाडच्या कोर्टात परस्पर संमतीने घटस्फोट झाला. दागिने, कपाट, मिक्सर, सगळ्याची वाटणी झाली, कुणालाही मयत झाल्यासारखं वाटलं नाही. पुण्यातल्या गर्भांचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही, कारण काढलं असतं तर टाकून द्या म्हणाले असते.

त्याने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. मी महाडातच खोली घेऊन राहिले.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, शाळेतून येऊन मी चहा ठेवत होते, तर दारात सासूबाई. हातात पिशवी. बऱ्याच वाळल्या होत्या. मी या म्हटलं. त्या खुर्चीवर न बसता खाली बसल्या. पिशवीतून कुळथाचं पीठ काढून माझ्यापुढे ठेवलं. "घरचं हाय," म्हणाल्या. मी चहा दिला. मग त्यांनी सांगितलं. नव्या सुनेला दिवस राहत नाहीत. पुण्यालाच दाखवलं. तिची बीजं चांगली नाहीत म्हणतात.

"तुझ्याकडचे हायत ना ते," त्या बशीकडे बघत म्हणाल्या, "त्यातले अर्धे दे गो. त्यात त्याचं पण हाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या वाटणी मागायला आल्या होत्या.

असं कायद्यात बसतं की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नाही. पण ते मी बोललेच नाही. मी म्हटलं, "अर्धं मी मागत होते तेव्हा काय म्हणालात, आठवतं?"

"तेव्हा मती गेलेली आमची."

"देवीला विचारलंत?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "ह्या खेपेला पण तिसऱ्या बारीलाच उजवा दिलान," म्हणाल्या.

मला हसू आलं, आणि त्याच वेळी या बाईला हाताला धरून बाहेर काढावं असंही वाटलं. मी काहीच केलं नाही. तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने, खरोखरच मायेने म्हणाल्या, "पोर झालं की तुला दाखवायला आणू. मावशी म्हणेल तुला."

मी नाही म्हटलं. त्या उठल्या. चपला घालताना भिंतीला धरावं लागलं त्यांना, मी धरलं नाही. कुळथाचं पीठ मी डब्यात ओतून घेतलं होतं, रिकामी पिशवी घडी करून त्यांच्या हातात दिली.

तो सही देत नाही म्हणून मला मूल नाही, आणि मी देणार नाही म्हणून त्याला ते मिळणार नाही. हिशेब बरोबर झाला, असं शेजारीण म्हणाली. तिला मी एक गोष्ट सांगितली नाही. सासूबाई मावशी म्हणाल्या आणि मी नाही म्हटलं, त्या दोन्हींच्या मध्ये मी मनातल्या मनात ते पोर दारात उभं केलं होतं, त्याचे पाय धुळीने भरले होते, आणि मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं.