कानातला फाया

बाबालाल अत्ताराच्या नाकावर निम्म्या शाहूपुरीचा भरवसा होता. लोक त्याला भर रस्त्यात थांबवत आणि तुपाची वाटी पुढे करत. तो वाटी नाकाजवळ नेई, डोळे मिटे आणि सांगे, "म्हशीचं हाय की. गाईचं म्हणून घेतलंसा व्हय?" घेणारा चिडून दुकानाकडे परत जाई. बाबालाल हसत आपल्या वाटेला लागे. त्याच्या उजव्या कानाच्या पाळीत अत्तराचा फाया कायम खोचलेला असे.

तो मूळचा कुरुंदवाडचा. वडील अत्तराची पेटी खांद्याला लावून उरूस आणि जत्रा करत. गुलाब, खस, मोगरा, हिना, एवढीच त्याची शाळा. पुढे बाजारात विलायती सेंटच्या कुप्या आल्या. पेटी जशी भरून बाहेर पडे, तशीच जड घरी परतू लागली. वडील गेले आणि पेटी फळीवर गेली.

त्याच गावचे श्रीपालअण्णा तेव्हा कोल्हापुरात शेंगतेलाचा कारखाना काढत होते. शाहू महाराजांनी पेठ वसवली होती, रेल्वे दाराशी होती. अण्णांना घाण्याचं हिरवट, गढूळ तेल विकायचं नव्हतं. पाण्यासारखं नितळ आणि बिनवासाचं तेल करून त्यांना ते मुंबईला धाडायचं होतं. यंत्रं आली, बॉयलर आला. पण तेल निवळलं की नाही, त्याचा खवटपणा गेला की नाही, हे सांगणारं यंत्र काही आलं नाही. अण्णांना बाबालालचे वडील आठवले. त्यांनी बाबालालला आणि त्याच्या बायकोला, लालबीला, कोल्हापूरला आणलं. कारखान्याच्या मागच्या बोळात एक खोली दिली.

काम कढाईघरात असे. मोठ्या लोखंडी कढईत तेल तापवायचं. त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी धार धरून सोडायचं. तेलातला कडूपणा साबणासारखा फुटून खाली बसे. तो गाळ मोरीतून मागच्या अंगणातल्या जमिनीखालच्या दगडी टाकीत जाई. वरचं तेल गरम पाण्यानं धुवायचं, त्यातून वाफ सोडायची, मग मुलतानी मातीतून गाळायचं. बाबालाल कढईवर वाकून उभा असे. वाफ तोंडावर घेई आणि सांगे, "अजून जरा." किंवा सांगे, "झालं, काढा."

वाफेत कॉस्टिक असे. ते उडालं की हाताला फोड येत. पाणी ओतणाऱ्या धोंडुबाईचा एक डोळा त्यानंच अधू झाला होता. कृष्णात नावाचा कसबा बावड्याचा गडी कढई ढवळे. तो नवाच लागला होता आणि त्याचं लग्नही नुकतंच झालं होतं. त्याला पहिल्या पावसाळ्यातच खोकला लागला. सगळे गूळ खात, ताक पीत आणि कामावर येत. यापलीकडे उपाय कुणाला ठाऊक नव्हता. अण्णांनाही नव्हता. तेसुद्धा त्याच वाफेत तासन्‌तास उभे राहत.

बाबालालच्या नाकाला आधी खपल्या धरल्या. मग सकाळी शिंकरताना रक्त येऊ लागलं. मग खस गेली. त्याला वाटलं, कुपीच जुनी झाली असेल. काही महिन्यांनी गुलाब गेला. हिना तेवढी टिकली. रोज सकाळी तो फळीवरची पेटी काढी, हिनाची कुपी हुंगे आणि निश्चिंत होऊन कामाला जाई.

ईदच्या सकाळी लालबीनं त्याच्या कानात फाया खोचला. तो नमाजाला निघता निघता म्हणाला की यंदाची हिना चांगली उतरली आहे.

लालबी उंबऱ्यात थांबली.

"ये मोगरा है जी," ती म्हणाली. "हिना परवाच सरली."

त्या दिवशी घरात शीरखुर्मा झाला, पण दोघांनीही तो नुसताच ढवळला. अण्णांना सांगून टाकावं, असं तिनं एकदा म्हणून पाहिलं. तो म्हणाला, सांगितलं की खोली गेली, आणि कुरुंदवाडला आता दारही राहिलेलं नाही. नाकाखेरीज त्याच्याजवळ होतं काय? संध्याकाळी लालबीनंच तोड काढली. कढईतलं तेल फायावर घ्यायचं, कानात खोचायचं, जेवायला घरी यायचं. ती हुंगेल आणि सांगेल. तोवर तेल निवत ठेवा, असं कारखान्यात म्हणायचं.

तिचं नाक त्याच्या तोडीचं होतं. लग्नानंतर कुप्या भरायचं काम तीच तर करत होती.

तसंच चाललं. बाबालाल कढईवर वाके, डोळे मिटे, फाया बुडवी आणि म्हणे की वास कानाजवळ मुरला पाहिजे, मगच खरा कळतो. लोकांना ते अत्तारांचं खास शास्त्र वाटलं. धोंडुबाईला काही पटलं नव्हतं. ती म्हणे, "आमचं न्हवरं जेवायला घरी जात्यात, तुमचा कापूस पण जातोय व्हय?" सगळे हसत. बाबालालही हसे. घरी पोचल्यावर लालबी परातीत भाकरी थापता थापता मान वळवी, त्याच्या कानाशी नाक नेई आणि एक शब्द सांगे. तो शब्द घेऊन तो परत येई. मुंबईहून तेलाचा एकही डबा कधी परत आला नाही.

त्यातच विलायतेत लढाई पेटली. तेलाला मागणी वाढली. कढई थंड होईना, म्हणून मागची टाकीही उपसायची राहिली. एरवी ती दर उन्हाळ्यात उपसत. गडी आत उतरे आणि बादलीनं गाळ वर देई. तो गाळ साबणवाला नेई. टाकीला घाण सुटलेली नेहमीचीच. त्यातली कुठली नुसती घाण आणि कुठली जीव घेणारी, हे टाकीच्या तोंडाशी वाकून बाबालाल सांगायचा. एका वर्षी तो "आज नको" म्हणाला होता, तेव्हा अण्णांनी टाकी आठवडाभर उघडी ठेवली होती. त्यानंतर टाकीच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द झाला.

यंदा टाकी तुंबली आणि गाळ मोरीतून उलटा कढाईघरात आला. अण्णांनी दोन प्रहरीच साबणवाल्याची गाडी बोलावली. टाकीवरच्या फळ्या काढल्या. शिडी सोडली. कृष्णातनं धोतराचा काचा मारला.

"बाबालाल, तेवढा वास बघ," अण्णा म्हणाले.

बाबालाल गुडघ्यावर बसला. तोंड टाकीत घातलं. काहीच नव्हतं. आभाळ हुंगावं तसं. बाकीच्यांनी पदर आणि पंचे नाकाला लावलेले त्याला दिसत होते. त्यानं कानातला फाया काढला, दोऱ्याला बांधला आणि खाली सोडला. वर ओढून कानात खोचला. म्हणाला, जेवून येतो, मग सांगतो.

अण्णा चिडले. बैलगाडी खोळंबली होती, कढाईघरात घोट्याएवढा गाळ साचला होता. जेवणं मागाहून होतील, ते म्हणाले, आधी काय ते सांग.

कृष्णातही हसला. "मामा, ह्यो गाळ हाय, अत्तर न्हवं. त्याला मुरवायला कशाला पायजे?"

बाबालालनं त्याच्याकडे पाहिलं. मग अण्णांकडे. मग बोळाच्या टोकाशी दिसणाऱ्या आपल्या दाराकडे. आणि मान डोलावली.

कृष्णातनं शिडीवर पाय ठेवला. उतरता उतरता तो धोंडुबाईला म्हणाला, "मावशी, घरात सांगा, साबणानं आंघोळ करून येतोय म्हणावं. वळखायची न्हाय ती." त्याचे गुडघे खाली गेले, मग कंबर गेली. मग त्याला खोकला आला. त्यानं एक हात शिडीवरून काढून तोंडाला लावला.

बाबालालनं तो हात धरला. दोन्ही हातांनी धरला.

"वर ये," तो म्हणाला. "माझं नाक मेलंय. मला काय बी कळत न्हाय. वर ये."

कृष्णातला आधी थट्टा वाटली. पण मनगटावरची पकड थट्टेची नव्हती. तो वर आला.

धोंडुबाई तेवढी हलली. तिच्या माहेरी जमिनीत खणलेलं जोंधळ्याचं पेव होतं. पेवात उतरण्याआधी दिवा सोडून बघतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. बाबालालचं नाक आल्यापासून इथं कुणाला दिव्याची आठवण राहिली नव्हती. तिलाही नाही. तिनं कंदील आणला, वात मोठी केली आणि बादलीत ठेवून खाली सोडला. शिडीच्या निम्म्यावर ज्योत बसली. आणखी खाली विझली. तिनं तो वर ओढला, पेटवला आणि पुन्हा सोडला. पुन्हा त्याच जागी विझला.

कृष्णातनं शिडी वर ओढून घेतली.

अण्णांनी विचारलं की हे कधीपासून. बाबालालनं सांगितलं, ईदपासून. मागच्या नव्हे, त्याच्याही मागच्या.

"मग तेल कोण सांगत हुतं?"

बाबालालनं मान खाली घातली. नाव घेतलं नाही. अण्णांनी हात पुढे केला आणि त्याच्या कानातला फाया काढून घेतला. टाकीच्या घाणीनं भिजलेला तो कापूस त्यांनी चिमटीत धरला आणि बोळाच्या टोकाकडे पाहिलं. तिथं लालबी दारात उभी होती. जेवायची वेळ टळून गेली होती, म्हणून ती बाहेर आली होती.

संध्याकाळी बाबालालनं सामान बांधायला घेतलं. सामान फार नव्हतं. लालबी पेटी पुसत होती. तेवढ्यात अण्णाच दारात आले. ते उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले. लालबीनं पाणी दिलं, त्यांनी तांब्या बाजूला ठेवला. म्हणाले की भिंत फोडून कढाईघराला खिडक्या पाडतोय, टाकीवरच्या फळ्याही कायमच्या काढतोय. मग म्हणाले की दोन वर्षांत एकही डबा परत आला नाही, याचा अर्थ त्यांना कळलाय. उद्यापासून लालबीनं कढईवर यावं. खोली आहे तशीच राहील.

लालबीनं नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हो होतं. खोली राहणार होती.

बाबालालनं अण्णांना आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं.

"न्हाय अण्णा," तो म्हणाला. "माझं घेतलंसा ते घेतलंसा. हिचं त्या वाफंत न्हाय देणार."

"मग तेलाचं काय करू मी?"

"फाया हिकडं पाठवा. नाक तिकडं येणार न्हाय."

अंधारू लागलं तसे अण्णा उठले. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. जाताना तांब्यातलं पाणी पिऊन गेले. बाबालालनं बांधलेलं गाठोडं तसंच राहू दिलं. सोडलं नाही, उचललंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात खोकल्याचा आवाज आला. कृष्णात उभा होता. त्याच्या कानात तेलाचा फाया होता. तो बसला नाही. उंबऱ्यावर वाकला आणि डोकं तिरकं करून कान पुढे केला.

"मामी, बघा की."

लालबीनं पिठाचे हात पुसले आणि वास घेतला. "अजून जरा," ती म्हणाली.

कृष्णात गेला. बाबालाल कोपऱ्यात बसून ऐकत होता. मग त्यानं विचारलं की खवट होतं की कडू. ती म्हणाली, कडू. त्यानं मान हलवली. कढईत काय कमी पडलं असेल, ते त्याला बसल्या जागी समजलं. मग तो उठला आणि गाठोडं सोडू लागला.