आकडेशास्त्री आणि लाल लोकर

आमचे हे छापखान्यात फोटो सुधारायच्या टेबलावर आणि मी त्याच छापखान्यात बाइंडिंगला. मधे एक लांबलचक बोळ. दिवसातून चार-पाच वेळा हे तो बोळ ओलांडून माझ्याकडे यायचे, हातात नुकताच छापलेला एखादा कागद घेऊन. बाइंडिंगच्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या. "आले गं तुझे! करमत नाही बाई त्यांना." मी लाजल्यासारखं करायचे. करणार काय, खरं सांगायची सोय नव्हती.

खरं असं की ह्यांना लाल आणि हिरवा ओळखू येत नाही. जन्मापासूनच. दोन्ही त्यांना मातकटच दिसतात. टोमॅटो पिकलाय की नाही ते दाबून ठरवतात आणि भाजीवाल्याच्या शिव्या खातात. पण फोटोच्या टेबलावरच्या माणसाला रंग कळत नाहीत, हे मालकीणबाईंच्या कानावर गेलं असतं तर ते टेबल दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं झालं असतं. म्हणून कागद माझ्यापुढे यायचा. मी सुईत दोरा ओवता ओवता हळूच सांगायचे, "वीट. पण ताजी नव्हे, भिजलेली." तेवढ्यावर ह्यांचं काम भागायचं.

हे ऐकून कुणाला वाटेल, बिचारा दबून राहत असेल. छे! नम्रपणा आमच्या ह्यांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. संगणकात फोटोच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग तीन आकड्यांत साठवलेला असतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. कुठल्या वस्तूचे आकडे कोणते, अगदी भिजलेल्या विटेचेसुद्धा, ह्यांना तोंडपाठ. कुणी म्हणालं, जरा गुलाबी करा, की हे विचारणार, "गुलाबी म्हणजे किती?" छापखान्यात त्यांचं नावच आकडेशास्त्री पडलं होतं आणि ते नाव हे पदवी मिळाल्यासारखं मिरवायचे.

त्या वर्षी मालकीणबाई फोटोच्या विकतच्या सॉफ्टवेअरला कंटाळल्या. दर वर्षी नवा करार, नव्या अटी. लोकरीच्या एका कंपनीचा मोठा कॅटलॉग हातात होता. बाई म्हणाल्या, "ती मुक्त सॉफ्टवेअरं असतात ना, ज्यांचा कोड कुणालाही उघडून बघता येतो? त्यांतली तीन घ्या, एकाच फोटोवर चालवा आणि आपल्या कामाचं कोणतं ते मला सगळ्यांसमोर सांगा."

हे कामाला लागले. गिम्प, क्रिता आणि डार्कटेबल अशी तिघं घरातल्या जेवणाच्या टेबलावरही आली. कोणामुळे लोकरीची लव टिकते, कोणात कडेला पांढरी रेघ उमटते, कोण ढीगभर फोटोंना एका दमात हाकतं, हे मी भाजी वाढता वाढता ऐकून घेतलं. तीन सुना एका घरात आल्या असत्या तरी त्यांची एवढी पारख झाली नसती. "रंगाचं काय?" मी एकदा विचारलं. "आकडे जुळतात," हे म्हणाले आणि पोळी मागितली.

ठरलेल्या दिवशी सगळे ह्यांच्या टेबलाभोवती जमले. कॅटलॉगचा शिवलेला नमुना दाखवायला मलाही बोलावलं होतं. ह्यांनी एकाच स्क्रीनवर तिन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी लावले. तिन्हींत लाल लोकर गुंडाळलेल्या एकाच गुंडीचा फोटो. ज्यानं तो काढला तो फोटोग्राफर खरी गुंडी हातात घेऊन उभा होता.

"रंगाच्या बाबतीत तिन्ही सारखे," हे छाती काढून म्हणाले. "एका केसाचाही फरक नाही."

मी स्क्रीनकडे पाहिलं. पहिल्या दोन चौकटींत गुंडी हातातल्यासारखीच गडद लाल होती. तिसऱ्या चौकटीत ती भडक, जवळजवळ केशरी दिसत होती. आंधळ्यालाही कळलं असतं.

फोटोग्राफर हसायला लागला. "शास्त्रीबुवा, चष्मा घरी विसरलात का? तिसरी बघा की! ही माझी लोकर आहे की गाजर?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे सरसावले. "बाई, ह्यांना कालपासून जरा बरं नाही..."

"मला उत्तम बरं आहे," ह्यांनी मला मधेच तोडलं. "बाई, मला लाल-हिरवं कळत नाही. कधीच कळलं नाही." आवाज तोच, मघाशी छाती काढून बोलतानाचा.

"इथे लागलात तेव्हापासून?"

"त्याच्याही आधीपासून. जन्मापासून."

मालकीणबाईंचा चेहरा लालबुंद झाला. ह्यांना तेही दिसलं नसणार. टेबल गेलं, मी मनात म्हटलं. हातातला नमुना मी इतका घट्ट धरला की त्याचा कोपरा दुमडला.

"पण तिन्ही सारखेच आहेत," हे म्हणाले. माउस हातात घेतला आणि प्रत्येक चौकटीत गुंडीच्या त्याच ठिपक्यावर टिचकी मारली. आकडे आले: एकशे सत्तर, पंचवीस, चाळीस. तिन्हीकडे तेच. "चित्रात फरक नाही, दाखवण्यात आहे. हा स्क्रीन रंग कसे दाखवतो, त्याचं मोजमाप प्रत्येक प्रोग्रॅमला मिळावं लागतं. तिसऱ्याला ते द्यायचं माझ्याकडून राहिलं. तुमच्यातल्या कुणीही पहिल्याच नजरेत पकडलं असतं, मला ते दिसणारच नव्हतं. चूक माझी, प्रोग्रॅमची नाही. छापून बघा."

बाईंनी छापून आणायला लावलं. तीन कागद आले. बाईंनी ते पत्ते पिसल्यासारखे पिसले आणि खिडकीत नेऊन फोटोग्राफरसमोर धरले. "ओळखा, तिसऱ्याचा कोणता?" फोटोग्राफरनं कागद उलटेपालटे केले, गुंडी टेकवून पाहिली, शेवटी डोकं खाजवलं. त्याला ओळखता येईना. बाईंनाही येईना.

बाई परत आल्या त्या अजून घुश्शातच. "माझ्यापासून लपवलंत याचा मला राग आहे आणि तो राहणार आहे. टेबल तुमचंच. पण यापुढे तुमच्या आकड्यांशिवाय एकही फोटो छपाईला जाणार नाही आणि ह्यांच्या डोळ्यांशिवायही नाही." त्यांनी फोटोग्राफरकडे बोट केलं. "चालेल?"

"चालेल," हे म्हणाले. "आता घ्यायचं कोणतं ते ऐकता का? कारण मूळ विषय तो होता."

बाईंना हसू आवरलं नाही. मग ह्यांनी सांगितलं: ढीगभर फोटो एकसारखे करायला डार्कटेबल, गुंडीमागची पार्श्वभूमी कापायला गिम्प, आणि क्रिता चित्रकाराच्या हातात सोनं आहे पण आपल्याकडे चित्रकार नाही. बाईंनी मान डोलावली. मी नमुना ठेवून बाहेर आले तेव्हा मला आनंदानं रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवत बसले. फोटोग्राफरची खुर्ची ह्यांच्या टेबलाशेजारी लागल्याचं मला येतानाच दिसलं होतं. आता कागद घेऊन बोळ ओलांडायचं कारणच नव्हतं. "आज नाही आले गं तुझे?" शेजारणीनं विचारलं. "काम असेल," मी म्हणाले. नोकरी वाचली, लपवाछपवी संपली, आणखी काय पाहिजे होतं? पण मला वाईट वाटलं, साफ सांगते. इतकी वर्षं त्यांच्यासाठी विटा, गाजरं आणि शिळा चहा मी शोधून ठेवत आले होते. रस्त्यानं जाताना लोकांचे कपडे बघायची सवय लागली होती मला.

चहाच्या सुट्टीआधी बोळात ओळखीची पावलं वाजली. हे माझ्यापुढे येऊन उभे राहिले. हात रिकामे.

"कागद कुठाय?" मी विचारलं.

"कागद नाही." ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या हाताकडे बोट केलं. "हा दोरा कुठल्या रंगाचा?"

"पांढरा. अहो, तो तर तुम्हाला दिसतो!"

"दिसतो की," हे म्हणाले आणि स्टूल ओढून माझ्याशेजारी बसले.

बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. ह्या वेळी मला लाजल्यासारखं करावं लागलं नाही.